राजांच्या दरीपलीकडे : इजिप्तमधील अधिकाऱ्यांची थडगी आणि त्यांचा वाचक

इजिप्तला जाणारा प्रवासी बहुधा गिझाचे पिरॅमिड पाहतो, लक्सरच्या पश्चिम तीरावरील राजांच्या दरीत तीन-चार थडग्यांत उतरतो आणि प्राचीन इजिप्तच्या मृत्युविचाराचे सार हाती लागले अशा समजुतीने परततो. राजांच्या दरीतील थडगी भव्य आहेत यात वाद नाही. परंतु तेथील रंगविलेल्या भिंतींवर प्रामुख्याने सूर्यदेवाचा रात्रीच्या बारा तासांतील पाताळप्रवास, त्या वाटेवरील द्वारे व सर्प, आणि राजाचे देवांशी होणारे मीलन हेच विषय येतात, कारण राजा मरणानंतर देवांच्या व्यवहारात सामील होतो अशी धारणा होती आणि पृथ्वीवरच्या शेतीवाडीचे चित्र त्याला सोबत नेण्याचे फारसे कारण नव्हते. नांगरणारा शेतकरी, मोजणी करणारा लेखनिक, विटा पाडणारा मजूर, मधाची पोळी काढणारा माणूस यांचे इजिप्त पाहावयाचे असेल, तर राजाच्या खालच्या पायरीवरील लोकांकडे, म्हणजे प्रांताधिपती, वजीर, सेनानी, लेखक आणि कारागीर यांच्या थडग्यांकडे वळावे लागते. लक्सरच्या डोंगरउतारांवरच अशी क्रमांक दिलेली चारशेहून अधिक थडगी आहेत, आणि मध्य इजिप्तपासून अस्वानपर्यंतच्या कड्यांत आणखी कितीतरी आहेत.

या थडग्यांची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांची चित्रे कळत नाहीत. अशा थडग्याचे दोन भाग असतात. एक जमिनीखालचा, म्हणजे खोल विवर व त्याच्या तळाशी असलेले दफनगृह, जे अंत्यविधीनंतर दगडमाती भरून कायमचे बंद करण्यात येई. आणि दुसरा वरचा, म्हणजे कड्यात कोरलेली किंवा जमिनीवर बांधलेली दालने, जी मुद्दाम उघडी ठेवली जात. सक्कारा येथील जुन्या राज्याच्या काळातील बांधीव थडग्यांना ‘मस्तबा’ म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ बसण्याचा ओटा. वरच्या दालनात दगडात कोरलेला एक आभासी दरवाजा असे, जो उघडत नसे, परंतु त्यातून मृताचा ‘का’, म्हणजे अन्नावर जगणारी त्याची जीवनशक्ती, बाहेर येऊन नैवेद्य स्वीकारतो असे मानले जाई. नातेवाईक आणि पुरोहित तेथे भाकरी व बिअर ठेवत. आणि पुढे वंशजांना विसर पडला तरी उपासमार होऊ नये म्हणून पेरणीपासून पाकसिद्धीपर्यंतची सारी कामे भिंतींवर रंगविलेली असत, कारण रंगविलेले व लिहिलेले अन्नही ‘का’ला पोचते अशी श्रद्धा होती.

म्हणजेच ही दालने जिवंत माणसांनी यावे, पाहावे आणि वाचावे यासाठीच निर्माण केलेली होती, आणि त्यांच्या संदर्भात मार्गदर्शकाचा, रोजच्या बोलण्यात ज्याला गाइड म्हणतात त्याचा, प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. येथे वाट दाखविणाऱ्यापेक्षा वाचून दाखविणाऱ्याची गरज अधिक असते. इजिप्तमध्ये हा व्यवसाय शासनाच्या परवान्याने चालतो आणि त्यात पुराविद्येचे रीतसर शिक्षण घेतलेले लोक पुष्कळ आहेत. मात्र चाळीस जणांच्या गटाला अर्ध्या तासात तीन थडगी दाखविण्याची सक्ती असली, तर उत्तम जाणकाराच्याही हातून गोष्टी सांगण्यापलीकडे काही होत नाही. राजांच्या दरीत तर गर्दीमुळे थडग्याच्या आत बोलण्यास मार्गदर्शकांना मनाई असते आणि सारे विवेचन बाहेर उन्हात उरकावे लागते. आडवाटेवरच्या थडग्यांत ही अडचण बहुधा नसते, म्हणून एखाद-दुसऱ्या कुटुंबापुरता खासगी मार्गदर्शक घेण्याचा खर्च तेथे खऱ्या अर्थाने सार्थकी लागतो.

अशा प्रवासाची सुरुवात मध्य इजिप्तमधील बेनी हसन येथून करणे योग्य होय. मिन्या शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, नाईलच्या पूर्व तीरावरील चुनखडीच्या कड्यात, मध्य राज्याच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. २१०० ते १८५०च्या सुमाराची, ३९ मोठी थडगी एका ओळीत कोरलेली आहेत, आणि त्यांच्या खालच्या उतारावर दुय्यम अधिकाऱ्यांची शेकडो विवरे आहेत. मृतांची भूमी पश्चिमेस असते हा नियम प्रत्येक पुस्तकात आढळतो. बेनी हसन आणि पुढे येणारी मोआल्ला व एल काब ही तिन्ही ठिकाणे पूर्व तीरावर आहेत, त्यावरून हा नियम कड्याच्या सोयीपुढे लवचिक होई हे सहज ध्यानात येते. बेनी हसनचे स्वामी ‘ओरिक्स’ नावाच्या हरिणाच्या चिन्हाने ओळखल्या जाणाऱ्या प्रांताचे अधिपती होते, आणि राजधानीपासून दूर राहून त्यांनी आपापली छोटी दरबारी संस्कृती जोपासलेली होती. प्रवाशांसाठी सहसा चारच थडगी उघडी असतात : अमेनेमहात, दुसरा ख्नुमहोतेप, तिसरा बाकेत आणि खेती यांची.

यांपैकी ख्नुमहोतेपच्या थडग्यातील उत्तर भिंतीसमोर थांबण्यास भरपूर वेळ द्यावा. तेथे दाढी राखलेल्या, रंगीबेरंगी नक्षीची वस्त्रे ल्यालेल्या परदेशी लोकांचा एक तांडा चित्रित आहे; पुरुषांच्या हाती शस्त्रे आहेत, एक जण तंतुवाद्य वाजवीत आहे, गाढवाच्या पाठीवर मुले बसविली आहेत आणि तांड्याचा नायक पाळीव रानबोकड घेऊन नम्रतेने पुढे वाकला आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय पर्यटकांना यात बायबलमधील याकोबाची मुले इजिप्तमध्ये येताना दिसली, आणि ही कथा आजही कानी पडते. वास्तविक चित्रातील राजलेखकाच्या हातातल्या फलकावरच सर्व तपशील लिहिलेला आहे : राजा दुसरा सेनुस्रेत याच्या सहाव्या वर्षी, डोळ्यांत घालण्याचे काजळी द्रव्य घेऊन, ‘आमू’ म्हणजे पश्चिम आशियातील ३७ माणसे आली. चित्रात प्रत्यक्षात पंधराच माणसे आहेत. बाकीची लेखाने पुरविली आहेत. नायकाचे नाव अबिशा असे वाचले जाते आणि त्याला ‘परक्या डोंगराळ मुलखांचा अधिपती’ ही जी पदवी दिली आहे, तीच पुढे दोन-अडीचशे वर्षांनी उत्तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या हिक्सॉस राजांची ओळख ठरली. एका व्यापारी भेटीच्या सरकारी नोंदीत पुढच्या इतिहासाचा धागा असा सापडतो, आणि बायबलच्या कथेपेक्षा तो कितीतरी अधिक मोलाचा आहे.

वाचणारा माणूस सोबत नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरणही याच थडग्यात आहे. नव्या राज्याच्या काळात, म्हणजे थडगे कोरल्यानंतर काही शतकांनी, लेखक मंडळी जुनी स्थळे पाहण्यास येत व भिंतीवर शाईने अभिप्राय लिहून जात. येथील शिलालेखात ‘मेनात-खुफू’ या गावाचे नाव वारंवार आल्यामुळे त्यांपैकी काहींनी हे थडगे म्हणजे पिरॅमिडकर्त्या खुफू राजाचे मंदिर असल्याचे समजून तशी नोंद केली आहे. भाषा तीच, लिपी परिचयाची, आणि तरीही संदर्भ तुटल्यामुळे इतकी मोठी गफलत झाली.

त्याच ओळीतील बाकेतच्या थडग्यात पूर्व भिंतीवर कुस्तीगीरांच्या दोनशेहून अधिक जोड्या रंगविल्या आहेत. एक गडी गडद आणि दुसरा फिकट तांबूस रंगविल्यामुळे कोणाचा हात कोणाच्या मांडीभोवती आहे हे चार हजार वर्षांनंतरही स्पष्ट दिसते, आणि कंबरपट्टा बांधण्यापासून चितपट करण्यापर्यंतचे टप्पे क्रमाने पाहता येतात. पट काढणे, कमरेला विळखा घालणे, उचलून पाडणे हे आखाड्यातले डाव ओळखणाऱ्या मराठी माणसाला तर ही भिंत एखाद्या वस्तादाने काढून ठेवलेल्या टिपणवहीसारखी वाटेल. कुस्तीच्या खालीच किल्ल्याला घातलेल्या वेढ्याचे चित्र आहे, यावरून ही मेहनत सैनिकी शिक्षणाचा भाग असावी असा तर्क करण्यात येतो. या भिंतींच्या नकला करण्यासाठी १८९१मध्ये पर्सी न्यूबेरी यांच्या हाताखाली जो सतरा वर्षांचा चित्रकार इंग्लंडहून आला, त्याचे नाव हॉवर्ड कार्टर. तुतनखामेनचे थडगे त्याला सापडण्यास अजून एकतीस वर्षे अवकाश होता.

बेनी हसनपासून दक्षिणेस देर एल-बर्शा येथे जेहुतीहोतेप या प्रांताधिपतीचे बरेच मोडतोड झालेले थडगे आहे. त्यातील एका चित्रात १७२ माणसे चार रांगांत दोर ओढून घसरगाडीवरची प्रचंड पाषाणमूर्ती नेत आहेत आणि मूर्तीच्या पायाशी उभा असलेला एक जण गाडीपुढे पाणी ओतत आहे. मूर्तीची उंची तेरा हात असल्याचे लेखात सांगितले आहे. हे पाणी ओतणे म्हणजे एखादा शुद्धिविधी असावा असे पुष्कळ काळ मानले जाई. परंतु २०१४मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले की वाळू नेमकी तेवढीच ओली केली, तर ती गाडीपुढे साचत नाही आणि ओढण्यास लागणारे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. विधीचा अर्थ यामुळे सर्वस्वी बाद होतो असे नाही. मात्र चित्रकाराने कामाची रीत किती नेमकेपणाने पाहिली होती, हे त्यातून निःसंशय सिद्ध होते.

लक्सरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर मोआल्ला येथील अंखतिफीचे थडगे कलेच्या दृष्टीने ओबडधोबड आहे. खांब वेडेवाकडे आहेत, आकृत्या प्रमाणबद्ध नाहीत. परंतु त्याच खांबांवर इ.स.पू. २१००च्या आसपासची, केंद्रीय सत्ता कोसळलेल्या काळातली, दुष्काळाची हकीकत कोरलेली आहे. दक्षिण इजिप्त उपासमारीने मरत असता, लोकांवर पोटची मुले खाण्याची पाळी आली असता, आपल्या प्रांतात आपण एकालाही भुकेने मरू दिले नाही आणि शेजारच्या गावांनाही धान्य पुरविले, असे अंखतिफी अभिमानाने सांगतो. त्यात आत्मस्तुती किती आणि सत्य किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही संकटकाळी राज्यकर्त्याचे मोठेपण कशाने मोजले जाई, हे यातून जितके उघड होते तितके कोणत्याही राजलेखातून होत नाही.

एल काब हे लक्सर आणि एदफू यांच्या दरम्यानचे स्थळ. लक्सर ते अस्वान जाणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटी ते बहुधा टाळून पुढे जातात, तर ‘दहाबिया’ नावाच्या शिडाच्या छोट्या बोटी तेथे थांबतात. नेखबेत या गिधाडरूपी देवतेचे हे प्राचीन नगर, त्याभोवतीचा कच्च्या विटांचा अवाढव्य तट आणि त्यामागच्या टेकडीत ओळीने कोरलेली थडगी, हा सारा परिसर एका सकाळीत पायी पाहून होतो. येथील इबानाचा पुत्र अहमोसे हा नौसैनिक. त्याच्या भिंतीवर चित्रे थोडी आणि मजकूर फार, म्हणून घाईतला प्रवासी त्याकडे पाठ फिरवतो. पण हिक्सॉस राजांची राजधानी अवारिस कशी पडली आणि त्यानंतर शारुहेन या गावाला तीन वर्षे वेढा कसा पडला, हे प्रत्यक्ष लढलेल्या माणसाने सांगितलेले येथेच वाचावयास मिळते. शौर्याबद्दल सात वेळा मिळालेले सोने, इनामी जमीन आणि वाट्याला आलेले गुलाम यांचीही त्याने बारकाईने नोंद केली आहे. विजयाच्या या हिशेबात गुलाम झालेल्या स्त्री-पुरुषांची नावे आहेत, ती वाचताना पराक्रमाची दुसरी बाजू समोर उभी राहते, आणि जबाबदार मार्गदर्शक ती गाळत नाही.

अहमोसेचे थडगे त्याच्या मुलीचा मुलगा पाहेरी याच्या देखरेखीखाली कोरले गेले, आणि पाहेरीचे स्वतःचे थडगे त्याच टेकडीवर जवळच आहे. एका भिंतीवर नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, उफणणी आणि धान्याने भरलेल्या बोटी असा शेतीचा पूर्ण हंगाम आहे, आणि आकृत्यांच्या डोक्यावर त्यांचे संवाद लिहिले आहेत, ज्यांत घाई करणारे मुकादम आहेत आणि कुरकुरणारे हमालही. मेजवानीच्या चित्रात एक नातेवाईक स्त्री वाढप्याकडे मद्याचे अठरा पेले मागते. लिपी न वाचणाऱ्याला येथे फक्त रांगेत बसलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या स्त्रिया दिसतात. याच थडग्यात पाहेरीने भावी काळातील येणाऱ्या-जाणाऱ्यांना उद्देशून विनंती लिहिली आहे : येथे लिहिलेला नैवेद्याचा मंत्र म्हणावा, त्याला खर्च नाही, कष्ट नाहीत, तो केवळ वाचावयाचा आहे. अशा विनंतीला अभ्यासक ‘जिवंतांना आवाहन’ म्हणतात, आणि ती अनेक थडग्यांत आढळते. एखादा मार्गदर्शक आभासी दरवाजापुढे उभा राहून भाकरी, बिअर, बैल, पक्षी आणि वस्त्रे यांचा तो मंत्र मूळ भाषेत मोठ्याने वाचतो, तेव्हा तो थडग्याच्या धन्याने नेमून दिलेले कामच करीत असतो.

अस्वान येथे नाव करून पश्चिम तीरावर गेले म्हणजे कुब्बेत एल-हवाच्या टेकडीवर दक्षिण सीमेच्या रखवालदारांची थडगी लागतात. त्यांतील हरखुफच्या थडग्याचे दर्शनी अंग पाहणे आवश्यक आहे. इ.स.पू. तेविसाव्या शतकातील या सरदाराने आजच्या सुदानकडील याम देशाच्या चार सफरी केल्या आणि शेवटच्या सफरीतून तो एक बुटका नर्तक घेऊन निघाला. ही बातमी कळताच, त्या वेळी लहान मूल असलेल्या दुसऱ्या पेपी राजाने त्याला पत्र धाडले की सगळे सोडून त्या नर्तकाला घेऊन ताबडतोब ये, बोटीवर तो पाण्यात पडू नये म्हणून भोवती माणसे ठेव आणि रात्री दहा वेळा उठून त्याच्याकडे लक्ष दे. हरखुफने हे पत्र जसेच्या तसे दगडात कोरून घेतले, म्हणूनच पपायरसावरचे मूळ पत्र नष्ट होऊनही बालराजाची ती उतावीळ आज वाचता येते.

लक्सरच्या पश्चिम तीरावरील थडग्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने त्यांचा निर्देश थोडक्यात पुरे. वजीर रेखमिरेच्या थडग्यात वजिराच्या कर्तव्यांचा दीर्घ मजकूर आणि विटा पाडण्याचे दृश्य आहे. सेन्नेफरच्या दफनगृहाच्या ओबडधोबड छतावर द्राक्षांचा मांडव रंगविला आहे. पाबासाच्या थडग्यात मधमाश्यापालन आहे. आणि मेन्ना या जमीन-अधिकाऱ्याच्या चेहऱ्याची कोणीतरी जाणूनबुजून नासधूस केली आहे, जेणेकरून त्याला परलोकात पाहता येऊ नये. तेथील ठिसूळ खडकावर माती व गवताच्या भुश्याचा गिलावा, त्यावर जिप्समचा पातळ थर आणि त्यावर डिंकात कालवलेले खनिज रंग अशी पद्धत होती. आकृत्यांसाठी लाल रेषांच्या चौकटी आखल्या जात आणि उभ्या माणसाची तळपायापासून केसांच्या कडेपर्यंतची उंची अठरा चौकटी धरली जाई. अपुऱ्या राहिलेल्या थडग्यांत त्या रेषा अजून आहेत. पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा अशा भिंतीवर चित्रकाराचा हात जास्त जवळून कळतो, म्हणून अपुरी थडगी आवर्जून दाखविण्यास सांगावे.

मार्गदर्शक ठरविताना परवाना पाहणे ही झाली पहिली गोष्ट. त्यापुढे त्याला चित्रलिपी वाचता येते का, आणि मध्य इजिप्तमध्ये तो पूर्वी गेला आहे का, हे स्पष्ट विचारावे, कारण लक्सरचा उत्तम जाणकार मिन्याच्या बाबतीत अनभिज्ञ असू शकतो. तो अनिश्चित गोष्टीला अनिश्चित म्हणतो का, ही खरी परीक्षा. सक्कारा येथे १९६४मध्ये सापडलेल्या न्यांखख्नुम व ख्नुमहोतेप यांच्या थडग्यात राजवाड्यातील नखे व हात यांची निगा राखणाऱ्या सेवकांचे हे दोन मुख्य परस्परांना बिलगून उभे आहेत. ते जुळे भाऊ होते की प्रेमिक, याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि जो दोन्ही बाजू पुराव्यासह मांडतो तोच विश्वासास पात्र. दिवसाचे नियोजनही त्याच्यावर सोपवावे. आडवाटेवरच्या थडग्यांच्या किल्ल्या ‘गफीर’ म्हणजे पहारेकऱ्यांकडे असतात, तिकिटे काही वेळा दुसऱ्याच ठिकाणी मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चखेरीज इतर महिन्यांत उघड्या कड्यावरची चढण दुपारी सोसवत नाही.

या भिंतींना सर्वांत मोठा धोका पाहुण्यांचाच आहे. बंदिस्त दालनात माणसांच्या श्वासाने व घामाने आर्द्रता वाढते, खडकातील क्षार विरघळून पृष्ठभागाशी येतात आणि पुन्हा सुकताना गिलाव्याला फुगवून रंगाचे पापुद्रे पाडतात. बोट लावल्याने, पाठीवरची पिशवी घासल्याने होणारे नुकसान तर डोळ्यांना दिसतेच. म्हणूनच एका स्थळावरची मोजकीच थडगी उघडी असतात व काही संवर्धनासाठी दीर्घकाळ बंद राहतात. बंद थडगे बक्षिसी देऊन उघडून घेता येते असे सुचविणारा माणूस भेटला, तर प्रवाशाने त्याला ठाम नकार द्यावा, फ्लॅश वापरू नये, भिंतीपासून हातभर दूर उभे राहावे आणि उघड्या असलेल्या थडग्यांतच दुप्पट वेळ घालवावा.